टपालपेटीतला पैसा : निप्सी हसल आणि गाण्याच्या मालकीचा प्रश्न

ऑक्टोबर २०१३ मध्ये लॉस एंजेलिसच्या निप्सी हसल या रॅपरने ‘क्रेनशॉ’ नावाचा आपला गाण्यांचा संच प्रसिद्ध केला. हा संच इंटरनेटवरून कोणालाही फुकट उतरवून घेता येत होता. त्याच सुमारास त्याने याच गाण्यांच्या फक्त १,००० सीडी विक्रीला ठेवल्या आणि एका सीडीची किंमत १०० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ६,००० रुपये लावली. जे फुकट मिळते त्यासाठी इतके पैसे कोण मोजणार, असे कोणत्याही व्यवहारी माणसाला वाटले असते. पण चोवीस तासांच्या आत सगळ्या सीडी संपल्या. त्यांतल्या १०० सीडी जे-झी या नामवंत रॅपरने घेतल्या. ज्या कलाकाराच्या मागे त्या वेळी कोणतीही मोठी संगीत कंपनी उभी नव्हती, त्याच्या हाती एका दिवसात १ लाख डॉलरची उलाढाल आली.

ही घटना बहुतेक ठिकाणी विक्रीची नामी युक्ती म्हणून सांगितली जाते. मला ते वाचन अपुरे वाटते. निप्सीने १०० डॉलर ही किंमत लावली, कारण ती लावण्याचा अधिकार त्याच्याकडे होता. आणि तो अधिकार त्याच्याकडे होता, कारण त्या गाण्यांची मालकी त्याची होती. संगीताच्या व्यवसायात ही साधी वाटणारी गोष्ट फार दुर्मीळ आहे. ‘स्वतंत्र रॅपर’ हा शब्द आपण सहज वापरतो, आणि त्याचा अर्थ ‘कंपनीशिवाय गाणारा’ एवढाच धरतो. प्रत्यक्षात स्वतंत्र असणे म्हणजे काय, त्यासाठी काय सोडावे लागते आणि त्याचा गाण्यावर काय परिणाम होतो, हे समजून घ्यायला निप्सीच्या वाटचालीइतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

आधी मालकीचा अर्थ पाहू. ध्वनिमुद्रित गाणे आपल्याला एकच वस्तू वाटते, पण कायद्याच्या नजरेत त्याचे दोन वेगळे सातबारे असतात. पहिला सातबारा रचनेचा, म्हणजे शब्दांचा आणि संगीतरचनेचा. दुसरा प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा. तुकोबांचा एखादा अभंग डोळ्यांसमोर आणा. तो अभंग आज कोणाच्या मालकीचा नाही. तो कोणीही गावा, कोणीही छापावा. पण एखाद्या गायकाने तो नव्या चालीत गायला आणि एखाद्या कंपनीने तो ध्वनिमुद्रित केला, तर ते विशिष्ट ध्वनिमुद्रण त्या कंपनीचे होते आणि तिच्या परवानगीशिवाय ते चित्रपटात किंवा जाहिरातीत वापरता येत नाही. शब्द सर्वांचे, चाल संगीतकाराची, पण ध्वनिमुद्रण कंपनीचे. या ध्वनिमुद्रणाच्या मूळ प्रतीला आणि तिच्यावरच्या हक्काला संगीताच्या धंद्यात ‘मास्टर’ म्हणतात. गाणे स्ट्रीमिंगवर ऐकले गेले, सीडीवर विकले गेले किंवा चित्रपटात वाजले, की पैशाचा मोठा ओघ या मास्टरच्या मालकाकडे वळतो. शब्द आणि संगीत रचणाऱ्यांना त्यांचा वाटा वेगळ्या वाटेने मिळतो आणि स्ट्रीमिंगमध्ये तो मास्टरच्या वाट्याहून बराच लहान असतो.

रॅपच्या बाबतीत या दुसऱ्या सातबाऱ्याचे महत्त्व आणखी वाढते. भावगीत दुसऱ्या गायकाने पुन्हा गायले तरी ते भावगीतच राहते. रॅपरचे गाणे मात्र त्याच्या आवाजाशी, शब्द टाकण्याच्या लयीशी आणि त्या बीटशी, म्हणजे मागे वाजणाऱ्या तालसंगीताशी, इतके जखडलेले असते, की ते पुन्हा गाऊन घेण्याची कल्पनाही सहसा कोणाला सुचत नाही. म्हणून रॅपरचे मास्टर गेले, म्हणजे त्याचे जवळजवळ सर्वस्व गेले.

ते जाते कसे, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला परक्या शब्दांत सांगण्याची गरज नाही. ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्याला हंगामाआधी मुकादमाकडून जी उचल मिळते, तिच्याशी संगीत कंपनीच्या आगाऊ रकमेचे जवळचे नाते आहे. नव्या कलाकाराला कंपनी करारावर सही करताना एक रक्कम देते. बाहेरच्यांना ती कमाई वाटते, पण ती उचल असते आणि गाण्यांच्या उत्पन्नातल्या कलाकाराच्या वाट्यातून ती फेडून घेतली जाते. स्टुडिओचा खर्च, आणि अनेकदा व्हिडिओचा काही भागही, याच खात्यावर चढतो. पहिल्या अल्बमवर उचल फिटली नाही, तर बाकी दुसऱ्या अल्बमच्या खात्यावर ओढली जाते.

आकडे मांडून पाहिले की चित्र स्पष्ट होते. समजा, एका रॅपरला १० लाख रुपये उचल मिळाली आणि ध्वनिमुद्रण व व्हिडिओ यांचे १० लाख त्याच्या नावावर लागले, म्हणजे फेडायचे झाले २० लाख. जुन्या पद्धतीच्या करारात कलाकाराचा वाटा अनेकदा १५ टक्क्यांच्या आसपास असे. आता हे २० लाख एकूण उत्पन्नातून फेडले जात नाहीत, तर केवळ त्याच्या १५ टक्क्यांतून फेडले जातात. त्यामुळे त्याला पुढचा पहिला रुपया मिळण्याआधी गाण्यांनी सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये मिळवलेले असावे लागतात. त्या क्षणी कंपनीने आपले २० लाख वसूल केलेले असतात आणि वर १ कोटी १३ लाख तिच्याकडे असतात. त्यातून जाहिरातीचा आणि कार्यालयाचा खर्च वजा होतो हे खरे. तरीही तराजू कोणत्या बाजूला झुकलेला आहे, हे लपत नाही.

ऊसतोडीची तुलना येथे दोन ठिकाणी सुटते, आणि ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. अल्बम पडला, तर कंपनी सहसा कलाकाराच्या दारात वसुलीला येत नाही. तोटा तीच सोसते, आणि बहुतेक अल्बम आपला खर्चही भरून काढत नाहीत. या बाबतीत कलाकाराची स्थिती मजुरापेक्षा पुष्कळ बरी असते. दुसरा फरक मात्र उलट दिशेचा आहे. कर्ज काढून घर घेतले आणि हप्ते फेडले, की घर आपले होते. येथे कलाकाराने उचल पै-पैने फेडली तरी मास्टर कंपनीचेच राहते. आपल्याच वाट्यातून खर्च फेडून उभारलेली वस्तू दुसऱ्याच्या नावावर कायम राहावी, ही या व्यवस्थेतली सगळ्यात खटकणारी गोष्ट आहे. सीडीची विक्री ढासळू लागल्यानंतर, या शतकाच्या पहिल्या दशकात, कंपन्यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले: मैफली, कपडे, जाहिराती अशा कलाकाराच्या इतर उत्पन्नातही वाटा मागणारे करार रूढ झाले.

निप्सी हसल या जगात शिरला तो याच काळात. त्याचे खरे नाव अर्मायस अ‍ॅस्गडोम. जन्म १५ ऑगस्ट १९८५ चा, लॉस एंजेलिसमधला. वडील आफ्रिकेतल्या एरिट्रिया या देशातून आलेले, आई कृष्णवर्णीय अमेरिकन. वाढला तो शहराच्या दक्षिण भागातल्या क्रेनशॉ परिसरात, जेथे टोळ्यांचे वर्चस्व होते. किशोरवयात तोही अशाच एका टोळीत सामील झाला आणि ही गोष्ट त्याने पुढे कधी लपवली नाही. निप्सी रसेल या विनोदी नटाच्या नावावरून त्याच्या मित्राने त्याला हे टोपणनाव दिले आणि आडनावाच्या जागी ‘धडपड करून पैसा मिळवणे’ या अर्थाचा इंग्रजी शब्द मुद्दाम वेगळ्या अक्षरलेखनाने आला. २००४ मध्ये वडील आणि भाऊ यांच्यासह तो सुमारे तीन महिने एरिट्रियात राहिला. तीस वर्षे लढून १९९३ मध्ये स्वतंत्र झालेल्या त्या देशात दुकानदारापासून सरकारी अधिकाऱ्यापर्यंत सर्वत्र त्याला आपल्यासारखीच माणसे कारभार करताना दिसली. आपल्यातल्या उद्योजकाचा उगम त्याने पुढे मुलाखतींमध्ये या प्रवासाशी जोडला. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो, कारण मालकीचा विचार त्याच्याकडे वकिलाच्या सल्ल्यातून नव्हे, तर डोळ्यांनी पाहिलेल्या एका समाजातून आला.

परत आल्यावर त्याने स्लॉसन अव्हेन्यू आणि क्रेनशॉ बुलेव्हार्ड या दोन रस्त्यांच्या नाक्यावर, दुकानांपुढच्या मोकळ्या वाहनतळात, गाडीच्या डिकीतून आपल्या सीडी विकायला सुरुवात केली. ही पद्धत त्याने शोधलेली नव्हती. कॅलिफोर्नियाच्याच उत्तर भागात ओकलंडच्या टू शॉर्टने १९८० च्या दशकात, आणि त्यानंतर व्हॅलेहोच्या ई-४० ने, कॅसेटी स्वतः बनवून, स्वतः विकून आपला श्रोतृवर्ग उभा केला होता. कंपन्यांची मुख्य कार्यालये न्यूयॉर्कमध्ये होती आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या छोट्या शहरांकडे त्यांचे लक्ष जात नव्हते, म्हणून ही स्वावलंबी परंपरा तेथे रुजली. न्यू ऑर्लिन्सच्या मास्टर पी याने तर १९९६ मध्ये प्रायॉरिटी या कंपनीशी असा करार केला, की मास्टर त्याच्याकडेच राहिले आणि विक्रीतला ८५ टक्के वाटाही त्याला मिळाला. कंपनीकडे फक्त माल दुकानांपर्यंत पोहोचवण्याचे काम आणि त्याचा मोबदला. ज्याच्या हाताशी आधीच गिऱ्हाईक आहे, त्याला उचलीची गरज नसते, आणि ज्याला उचलीची गरज नसते त्याला आपल्या अटी सांगता येतात. निप्सीच्या पुढच्या सगळ्या हालचालींमागे हेच सूत्र आहे.

तरीही पहिली सही त्याने मोठ्या कंपनीच्याच कागदावर केली. एपिक रेकॉर्ड्सशी त्याचा करार झाला, काही गाणी गाजली, अल्बमची घोषणाही झाली, पण तो अल्बम कधी निघाला नाही. २०१० मध्ये तो कंपनीतून बाहेर पडला आणि त्याने ‘ऑल मनी इन, नो मनी आउट’ ही स्वतःची कंपनी काढली. येईल तो पैसा आतच राहील, बाहेर जाणार नाही, असा या नावाचा अर्थ. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘द मॅरेथॉन’ हा संच त्याने इंटरनेटवर फुकट दिला. अशा संचाला रॅपच्या जगात मिक्सटेप म्हणतात. अधिकृत अल्बमच्या आधी किंवा त्याच्या बाहेर कलाकार जे काम सरळ श्रोत्यांपर्यंत सोडतो ते, असा त्याचा ढोबळ अर्थ घ्यायला हरकत नाही. ‘मॅरेथॉन’ हा शब्द मात्र त्याने नंतर कधीच सोडला नाही. पुढच्या संचाचे नाव त्यावरून आले, कपड्यांच्या दुकानाचे आले, आणि कामाकडे पाहण्याची त्याची सगळी दृष्टीही त्याच शब्दात मावली.

या दृष्टीची किंमत काय होती, हे एका तुलनेतून कळते. २०१० मध्ये ‘एक्सएक्सएल’ या अमेरिकी हिप-हॉप मासिकाने उगवत्या रॅपरांची जी यादी छापली, तीत निप्सीबरोबर जे. कोल, विझ खलिफा आणि बिग शॉन होते. या तिघांचे मोठ्या कंपन्यांतर्फे निघालेले अल्बम २०११ मध्येच बाजारात आले आणि ते जगभर पोहोचले. निप्सीचा पहिला अधिकृत अल्बम आला २०१८ मध्ये. मधली सात वर्षे त्याचे नाव लॉस एंजेलिसमध्ये घरोघरी होते, बाहेर मात्र जाणकारांपुरतेच. ज्यांना स्वतंत्र मार्ग केवळ रोमांचक वाटतो, त्यांनी या सात वर्षांकडे नीट पाहावे. कंपनी जे विकते त्यात सगळ्यात महाग वस्तू असते वेळ: तिच्या ओळखी, तिचा प्रचार आणि तिचा पैसा वापरून दहा वर्षांचे काम दोन वर्षांत होते. मालकी हवी असेल, तर ती दहा वर्षे कलाकाराला स्वतःच्या खिशातून द्यावी लागतात.

आता १०० डॉलरच्या सीडीकडे परत जाऊ. या कल्पनेचे बीज निप्सीला जोना बर्गर यांच्या ‘कन्टेजस’ या पुस्तकात सापडले. फिलाडेल्फियातल्या एका उपाहारगृहाने, एरवी चार-पाच डॉलरला मिळणारे मांस आणि चीज घातलेले सँडविच उंची घटक वापरून १०० डॉलरला विकायला ठेवले आणि त्याची चर्चा देशभर झाली, असा प्रसंग त्यात आहे. निप्सीने ती युक्ती जशीच्या तशी उचलली नाही. त्याने गाणी सर्वांना फुकट दिली, आणि ज्यांना आपण होऊन या कामाला आधार द्यावासा वाटतो त्यांच्यासाठी वेगळी वस्तू ठेवली. खरेदी करणाऱ्यांना त्याच्या खास मैफलीलाही प्रवेश होता. या योजनेला त्याने ‘पैसे मोजल्याचा अभिमान’ अशा अर्थाचे नाव दिले. आपल्याकडे तमाशाच्या फडात किंवा भारुडाच्या कार्यक्रमात रसिक आपण होऊन पुढे येऊन बक्षिसी देतो, तेव्हा खेळ सगळ्या गावासाठी असतो आणि मोठी रक्कम मूठभर मायाळू रसिकांकडून येते. निप्सीच्या हिशोबाची जातकुळी तीच होती.

हिशोब किती पक्का होता पाहा. वर सांगितलेल्या १५ टक्क्यांच्या करारात १० डॉलरचा एक अल्बम विकला गेला, तर कलाकाराच्या नावावर जमा होतो दीड डॉलर, आणि तोही आधी उचलीत वळता होतो. १ लाख डॉलर त्याच्या नावावर लागण्यासाठी ६६,००० हून अधिक प्रती खपाव्या लागतात. निप्सीला १,००० पुरल्या. (सीडी बनवण्याचा आणि दुकान मांडण्याचा खर्च त्यातून वजा करायलाच हवा, पण तो या तफावतीपुढे किरकोळ आहे.) लाखो अनोळखी श्रोत्यांच्या मागे धावण्यापेक्षा हजार निष्ठावंत श्रोते जपणे ज्याला परवडते, तो गाणेही वेगळे लिहितो. त्याला रेडिओवर चालेल असे कडवे घुसवावे लागत नाही. २०१४ च्या अखेरीस त्याने पुढचा संच काढला, त्याच्या १०० प्रती प्रत्येकी १,००० डॉलरला ठेवल्या, आणि त्याला नाव दिले ‘मेलबॉक्स मनी’, म्हणजे टपालपेटीत येणारा पैसा. अमेरिकेच्या संगीत व्यवसायात रॉयल्टीला, म्हणजे गाण्याच्या वापरापोटी मिळत राहणाऱ्या मोबदल्याला, प्रेमाने असे म्हणतात: गाणे एकदा करून ठेवले, आता तुम्ही झोपेत असा की आजारी, धनादेश पेटीत पडत राहतो. अर्थात पेटीवर नाव तुमचे असेल तरच.

रॅपर म्हणून तो कसा होता, हे या आकड्यांत हरवू नये. त्याचा आवाज खर्जातला, थोडा घोगरा; बोलण्याची गती संथ, एखादा अनुभवी माणूस नाक्यावर उभा राहून धाकट्यांना काही सांगतो आहे अशी. टोळीच्या आयुष्याबद्दल तो बोलतो तेव्हा त्यात बढाई असतेच, पण तिच्या शेजारीच तुरुंगात गेलेल्या आणि मारल्या गेलेल्या मित्रांचा हिशोबही असतो. मग त्याच ओळींच्या पुढे जमीन, गुंतवणूक, मालकी हे विषय येतात, आणि ते चिकटवलेले वाटत नाहीत, कारण ते त्याच्या दिनक्रमाचा भाग होते. शिष्टपणे उपदेश करणारे रॅप पुष्कळ असते आणि ते ऐकवत नाही. निप्सीचे ऐकवते, कारण तो ज्या रस्त्याबद्दल बोलतो त्याच रस्त्यावर त्याचे दुकान असते आणि ऐकणारा जाऊन पडताळून पाहू शकतो.

येथे एक प्रश्न रास्तपणे विचारला जातो. १६ फेब्रुवारी २०१८ रोजी आलेला त्याचा ‘व्हिक्टरी लॅप’ हा अल्बम अटलांटिक रेकॉर्ड्सच्या भागीदारीत निघाला, आणि अटलांटिक ही जगातल्या तीन बलाढ्य संगीत समूहांपैकी वॉर्नरची कंपनी आहे. मग तो स्वतंत्र राहिला का? माझ्या मते राहिला, आणि यासाठीच मास्टरचा अर्थ आधी समजून घेणे गरजेचे होते. त्या करारात ‘ऑल मनी इन’ भागीदार होती आणि मास्टर आपल्याकडेच असल्याचे निप्सी सांगत असे. शेत विकणे आणि शेत ठरावीक मुदतीसाठी वाट्याने कसायला देणे यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. वाटेकरी पिकातला हिस्सा नेतो, पण सातबाऱ्यावरचे नाव बदलत नाही. अल्बमने पहिल्याच आठवड्यात बिलबोर्डच्या मुख्य यादीत, म्हणजे अमेरिकेतल्या अल्बमांच्या लोकप्रियतेच्या क्रमवारीत, चौथा क्रमांक गाठला आणि पुढे ग्रॅमी या अमेरिकेतल्या मानाच्या संगीत पुरस्कारात सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमसाठी त्याला नामांकन मिळाले.

शिकागोच्या चान्स द रॅपरचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तो कंपनीशी करार न करण्याबद्दल ख्यातनाम. त्याचा २०१६ चा ‘कलरिंग बुक’ हा संच तेव्हा दुकानात विकला गेला नाही, फक्त स्ट्रीमिंगवर होता, आणि तरी त्याला सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचे ग्रॅमी मिळाले. केवळ स्ट्रीमिंगवरच्या कामाला दारे उघडणारा नियमबदल ग्रॅमीने त्याच वर्षी केला होता. हा संच पहिले दोन आठवडे फक्त अ‍ॅपलच्या सेवेवर ठेवण्यासाठी आपल्याला ५ लाख डॉलर मिळाले, हे चान्सने २०१७ मध्ये स्वतःच जाहीर केले. टीकाकारांनी तेव्हा त्याच्या स्वातंत्र्यावर बोट ठेवले. पण दोन आठवडे संपले, संच सर्वत्र खुला झाला आणि मालकी होती तेथेच राहिली. मोठ्या कंपनीकडून पैसे घेतले की नाही, या प्रश्नापेक्षा त्या पैशाच्या बदल्यात काय दिले आणि किती दिवसांसाठी दिले, हा प्रश्न अधिक नेमका आहे.

मराठीत रॅप करणाऱ्या मुलामुलींना हा प्रश्न आज रोजच्या व्यवहारात भेटतो, म्हणून आपल्या कायद्याविषयी थोडे येथेच सांगतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक असतो त्याचा निर्माता, म्हणजे ते करून घेण्यात पुढाकार घेणारी आणि त्याची जबाबदारी उचलणारी व्यक्ती. हिप-हॉपमध्ये बीट बनवणाऱ्यालाही ‘प्रोड्यूसर’ म्हणतात, पण कायद्यातला निर्माता तो नव्हे. तुम्ही स्वतः पैसे भरून स्टुडिओत गाणे केले, तर निर्माते साधारणपणे तुम्हीच ठरता, आणि हा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. मात्र इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या बीटवर गाणे केले असेल, तर त्या भाडेकरारातल्या अटी तुमच्या मालकीला लागू राहतात. किती वेळा ऐकले जाईपर्यंत परवाना चालेल, अशी मर्यादाही त्यात पुष्कळदा असते. हक्क दुसऱ्याला लिहून देताना करारात मुदत लिहिलेली नसेल, तर कायदा ती पाच वर्षे धरतो, आणि प्रदेश लिहिलेला नसेल, तर फक्त भारत धरतो. म्हणूनच कंपन्यांच्या मसुद्यात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगासाठी’ हे शब्द आवर्जून येतात, आणि सही करण्याआधी बोट ठेवून वाचायचे शब्दही तेच. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा कायदेशीर वारस किंवा हक्कसंस्था यांखेरीज कोणालाही लिहून देता येत नाही असे केले. रॅपर आपले शब्द स्वतः लिहितो, त्यामुळे तो या अर्थाने गीतकार आहे आणि गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या मुंबईतल्या आयपीआरएस या हक्कसंस्थेचा सभासद होऊन तो हा वाटा मागू शकतो. हे अनेकांना माहीत नसते, याचे मला फार वाईट वाटते.

निप्सीने गाण्याच्या मालकीचा धडा विटा-सिमेंटपर्यंत नेला. ज्या वाहनतळात तो डिकीतून सीडी विकत असे, त्याच छोट्या बाजारसंकुलात २०१७ मध्ये त्याने भाऊ सॅमिएल आणि इतर साथीदारांसह ‘मॅरेथॉन क्लोदिंग’ हे दुकान उघडले; तेथल्या कपड्यांवर मोबाइल धरला की त्याची खास गाणी आणि चित्रफिती उघडत. फेब्रुवारी २०१८ मध्ये डेव्हिड ग्रॉस या गुंतवणूकदाराबरोबर त्याने क्रेनशॉमध्येच ‘व्हेक्टर नाइन्टी’ ही जागा सुरू केली. तेथे लहान उद्योजकांना कामासाठी टेबल मिळे आणि परिसरातल्या मुलांना विज्ञान-तंत्रज्ञानाचे शिक्षण देण्याचा बेत होता. त्यानंतर या दोघांनी ते बाजारसंकुलच विकत घेतले. भाडेकरू म्हणून जेथून हुसकावले जाण्याची भीती असे, त्या जमिनीच्या कागदावर त्याचे नाव लागले.

३१ मार्च २०१९ रोजी त्याच दुकानासमोर त्याच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. मारेकरी त्याच्याच परिसरातला, ओळखीचा माणूस होता. निप्सी ३३ वर्षांचा होता, आणि टोळ्यांमधला हिंसाचार थांबवण्यासाठी काय करता येईल यावर लॉस एंजेलिसच्या पोलीस अधिकाऱ्यांशी त्याची बैठक दुसऱ्याच दिवशी ठरलेली होती. ११ एप्रिलला स्टेपल्स सेंटर या भव्य क्रीडागृहात शोकसभा झाली. बराक ओबामा यांचे पत्र तेथे वाचण्यात आले आणि त्यानंतर शववाहिका शहराच्या दक्षिण भागातून सुमारे ४० किलोमीटर फिरवण्यात आली. स्लॉसन आणि क्रेनशॉच्या नाक्याला त्याचे नाव देण्याचा ठराव शहराच्या परिषदेने केला. पुढच्या वर्षी त्याला दोन ग्रॅमी मिळाली, दोन्ही मरणोत्तर.

मृत्यूनंतरच्या त्या दिवसांत ‘व्हिक्टरी लॅप’ पुन्हा लाखो लोकांनी ऐकला आणि अल्बम बिलबोर्डच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेला, म्हणजे तो नवा असताना गेला होता त्याहून वर. कलाकार गेल्यावर त्याची गाणी अशी उसळी घेतात, आणि एरवी त्या उत्पन्नाचा मोठा भाग मास्टरच्या मालकाकडे, म्हणजे कंपनीकडे जातो. येथे मास्टर ‘ऑल मनी इन’कडे होते. न्यायालयाने सॅमिएलला भावाच्या मालमत्तेचा व्यवस्थापक नेमले, आणि गाण्यांचा पैसा त्या खात्यात जमा होऊ लागला, ज्याचे वारस निप्सीची दोन मुले आहेत.